किनाऱ्याकडचं महानगर: अलिबाग, उरण, पेणच्या सार्वजनिक वाहतुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महानगराची वाहतूक म्हटलं की चर्चा दादर, अंधेरी, ठाण्याभोवती फिरते. खाडीच्या या बाजूला राहणाऱ्यांचे प्रश्न वेगळे आहेत. स्टँडवर, धक्क्यावर, पेणच्या फलाटावर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, तेवढंच इथे घेतलं आहे.

अलिबाग, पेण, उरण हे खरंच मुंबई महानगरात मोडतात का?

हो. मुंबई महानगर प्रदेश म्हणजे फक्त मुंबई-ठाणे-नवी मुंबई नाही. वर वसई-पालघरपासून खाली पनवेल, उरण, पेण आणि अलिबागपर्यंत तो पसरला आहे. त्याचं नियोजन करणारं विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, १९७५ साली स्थापन झालं. पुढे हद्द वाढत गेली आणि आता हा प्रदेश सहा हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेला आहे. मुरूड-श्रीवर्धन मात्र त्याबाहेर.

हद्दीत असण्याचा अर्थ एवढाच की आराखड्यात आपलं नाव येतं. गाडी येतेच असं नाही.

मग इथली वाहतूक ठरवतं कोण?

इथेच घोळ आहे. रेल्वे केंद्राची. एसटी राज्याची. जेट्ट्या आणि लाँचचे परवाने महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे, पण बोटी खासगी. एनएमएमटीची बस नवी मुंबई महापालिकेची आणि बेस्टची मुंबई महापालिकेची. विक्रम-मिनिडोर म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या मोठ्या रिक्षा, त्यांचे परवाने आणि भाडी परिवहन खात्याकडे. पुलांपैकी काही एमएमआरडीएकडे, काही रस्ते विकास महामंडळाकडे. प्रत्येकाचं वेळापत्रक प्रत्येकाच्या भिंतीवर.

या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारं एकत्रित प्राधिकरण असावं, असं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सुचवलं होतं. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर केंद्राच्या मदतीसाठी ती अटच घातली. कागदावर हे सगळ्यांना मान्य आहे. बोट आणि बस यांच्या वेळा जुळवण्यापर्यंत ते अजून खाली झिरपलेलं नाही.

'शाश्वत वाहतूक' म्हणजे विजेच्या बस घेतल्या की झालं, असंच ना?

नाही. विजेची बस चांगलीच. धूर नाही, आवाज कमी, चालवण्याचा खर्चही कमी. एसटीची शिवाई २०२२ पासून धावते आहे, बेस्टची वातानुकूलित विजेची डबलडेकर २०२३ मध्ये आली. पण ती वीज महाराष्ट्रात अजून बरीचशी कोळशाची आहे. आणि रिकामी फिरणारी विजेची बस भरलेल्या जुन्या डिझेल बसपेक्षा माणशी फारशी स्वच्छ ठरत नाही.

खरा हिशोब माणशी होतो. ज्याच्याकडे मोटार आहे त्याने ती घरी ठेवून बस धरली, तर फायदा. तो बस तेव्हाच धरेल जेव्हा ती वेळेवर येईल, पुढची गाडी मिळेल आणि रात्री परतताना अडकून पडावं लागणार नाही. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या वाहनांना टोलमाफी मिळाली. बसला ती मिळाली याचा आनंद आहे. पण एकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या विजेच्या मोटारीला तीच सवलत कशासाठी, हे मला कळलेलं नाही. कोंडीत ती मोटार जागा तेवढीच खाते.

अलिबागपर्यंत मेट्रो का आणत नाहीत?

कारण ती रिकामी धावेल. मेट्रोला एका दिशेने तासाला हजारोंच्या पटीत प्रवासी लागतात, तेही दिवसभर. कुलाबा-आरे मार्गावर ते आहेत. कफ परेडपर्यंतची ती ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. अलिबाग शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २० हजारांच्या आसपास होती. आता वाढली असेल, आसपासची गावं धरली तर आणखी. तरीही तो मेट्रोचा आकडा नाही.

वडाळ्याच्या मोनोरेलचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. प्रवासी कुठून कुठे जातात हे न पाहता गाडी आधी ठरवली की असं होतं. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिकेच्या आराखड्यात मधोमध सार्वजनिक वाहतुकीसाठी जागा राखली आहे, ती राखलेली बरी. पण आज अलिबागकराला हवी आहे ती दर वीस मिनिटांनी सुटणारी बस.

निदान लोकल पेणपर्यंत?

ही मागणी मेट्रोपेक्षा कितीतरी रास्त आहे. रूळ आहेत, दुहेरी आहेत, वीजही आहे. अडचण गाड्यांच्या गर्दीची आहे. पनवेलच्या खाली तोच मार्ग कोकण रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना, मालगाड्यांना आणि दिवा-रोहा मेमूला, म्हणजे विजेवरच्या पॅसेंजर गाडीला, वापरावा लागतो. मुंबईत लोकल तीन-चार मिनिटांनी धावते, कारण तिला बहुतेक ठिकाणी स्वतंत्र मार्गिका आहेत आणि सिग्नल जवळजवळ आहेत. एक्सप्रेस आणि मालगाडीच्या मधे लोकल बसवायची तर ती एखाद-दुसरी बसते, आणि एक्सप्रेसला उशीर झाला की बाजूला उभी राहते.

म्हणून आधी मेमूच्या फेऱ्या वाढवाव्यात, त्या पनवेलच्या लोकलला जुळतील अशा सोडाव्यात, आणि पेण स्टेशनच्या बाहेर अलिबागची बस गाडीसाठी थांबेल अशी सोय करावी. हे तीनही स्वतंत्र मार्गिकेची वाट न पाहता करता येतं.

अलिबागच्या रेल्वेबद्दलही विचारलं जातं. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेतच, पण ते मालगाडीसाठी. त्यावर प्रवासी गाडी हवी, ही मागणी जुनी आहे.

गेटवेहून आलेली बोट मांडव्याला लागते आणि मग एवढी पळापळ का होते?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

बोटीचा दोर खुंट्याला पडायच्या आधीच लोक दाराशी उभे असतात. धक्का लांब आहे. पुढचे झपाझप चालतात, मागे बॅगा ओढत मुलंबाळं. बाहेर बोटवाल्यांची बस उभी असते, तिच्यात त्यांच्याच तिकिटाचे प्रवासी. बाकीच्यांसाठी मिनिडोरवाला ओरडत असतो, "अलिबाग, अलिबाग, दोन सीट!" दोन सीट म्हणजे चार माणसं बसेपर्यंत गाडी हलत नाही. ज्याला अलिबागला न जाता सासवणे, किहीम किंवा आवासला उतरायचं आहे, पूर्ण सीटचं भाडं द्यायचं की तासभर थांबायचं, हे त्याने ठरवायचं. दहा मिनिटांत आवार रिकामं होतं. उरलेल्यांना पुढची बोट येईपर्यंत काही नाही.

वाहतुकीच्या आखणीत बदलाची जागा, म्हणजे एक गाडी सोडून दुसरी धरण्याची जागा, ही सगळ्यात नाजूक असते. प्रवासी वीस मिनिटांचा प्रवास सहज करतो, पण वीस मिनिटं थांबणं त्याला तासाभरासारखं वाटतं. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभराचं रेल्वे वेळापत्रक ठरावीक मिनिटांवर बांधलं. गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला जंक्शनवर येतात, बस त्याच सुमारास बाहेर उभी असते आणि काही मिनिटांत सगळ्या सुटतात. त्यासाठी मोठ्या खर्चाआधी एकमेकांचं वेळापत्रक पाहण्याची सवय लागते.

मांडव्याला हे जमण्यासारखं आहे. बोटींच्या वेळा ठरलेल्या आहेत. बोट लागल्यावर दहाव्या मिनिटाला बस सुटेल, बोटीला उशीर झाला तर बस पंधरा मिनिटांपर्यंत थांबेल, आणि ती कुठल्याही कंपनीच्या तिकिटाची माणसं घेईल, एवढाच नियम.

त्यासाठी किती बस लागतील?

लोकांना वाटतं पन्नासेक. हिशोब करून पाहा. मांडवा-अलिबाग अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. थांबत थांबत पाऊण तास धरा, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं. एक पूर्ण फेरी शंभर मिनिटांची झाली. दर वीस मिनिटांनी बस हवी असेल तर शंभर भागिले वीस, म्हणजे पाच बस. एखादी बिघडेल म्हणून एक राखीव. सहा.

रस्त्यात कोंडी झाली आणि फेरी १४० मिनिटांवर गेली, तर त्याच वीस मिनिटांसाठी सात बस लागतात. बससाठी रस्ता मोकळा ठेवणं आणि नवी बस विकत घेणं, हे दोन्ही एकाच खात्यात जमा होतं, ते असं.

मोऱ्याची लाँच ओहोटीला का अडते? याला काहीच उपाय नाही का?

उरणच्या मोरा बंदरात गाळ साचतो. ओहोटीला पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही, रुतते किंवा बाहेर थांबून राहते. उरणकरांना हे पाठ आहे.

यात एक वाईट योगायोग आहे. कोळीवाड्यातला जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत पाणी सगळ्यात खाली असतं ते सकाळ-संध्याकाळी सहा-सातला. शिवाय या दिवसांत उधाण असतं, म्हणून भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटीही खोल जाते. कामावर जाणाऱ्याची वेळ आणि बंदर कोरडं पडण्याची वेळ नेमकी एकच.

उपाय तीन आहेत. गाळ काढायचा, पण तो पुन्हा येतो, म्हणून दर वर्षी काढायचा. दुसरा, धक्का खोल पाण्यात पुढे नेणं आणि पाण्याबरोबर वर-खाली होणारा तराफा लावणं. कोचीच्या वॉटर मेट्रोत २०२३ पासून असे तरंगते धक्के आहेत, बोटीत पाय टाकताना उंची बदलत नाही. तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि तोच कोणी करत नाही: भरती-ओहोटी वर्षभर आधी मिनिटापर्यंत ठाऊक असते. मग कोणत्या तारखेला कोणती लाँच सुटणार नाही, हे आधी छापता येतं, आणि त्या वेळेला मोऱ्याहून उरण स्टेशनपर्यंत बदली बस सोडता येते. लोकल उरणपर्यंत जानेवारी २०२४ पासून येते आहे. सुरुवातीला दोन गाड्यांमधलं अंतर तासाच्या आसपास होतं. त्यामुळे एक गाडी चुकली की सकाळ गेली. बदली बस त्या लोकलच्या वेळेशी बांधलेली हवी, नाहीतर ती नुसती दाखवायची.

पावसाळ्यात बोटी सुरू का ठेवत नाहीत?

नकोच. या समुद्राने १७ जुलै १९४७ ला रामदास बोट घेतली. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढात बंदी असते ती उगाच नाही. गेटवे-मांडवा सेवा जून ते ऑगस्टमध्ये बंद असते, भाऊच्या धक्क्यावरची मोठी रो-रो, म्हणजे मोटारीही नेणारी बोट, हवामान पाहून चालते.

प्रश्न बंदीचा नाही, बंदीनंतरच्या व्यवस्थेचा आहे. बोटीने जाणारे सगळे जूनमध्ये रस्त्यावर येतात, तेही पेण-वडखळच्या खड्ड्यांच्या दिवसांत. हे दर वर्षी ठरलेल्या तारखेला होतं. तरी एसटीच्या फेऱ्या त्या तारखेला आपोआप वाढत नाहीत. पावसाळी वेळापत्रक वेगळं हवं, रेल्वे कोकण मार्गावर ठेवते तसं. गणपतीत गाड्या कोकणातल्या जादा फेऱ्यांकडे वळतात, तेव्हा स्थानिक फेऱ्यांपैकी कोणत्या अजिबात रद्द करायच्या नाहीत, याचीही यादी आधी लागलेली असावी.

बोट तर पर्यावरणाला चांगलीच ना?

सरसकट नाही. पाण्याचा विरोध वेगाबरोबर भलताच वाढतो. साध्या बोटीचा वेग दुप्पट करायचा तर इंजिनाला सुमारे आठपट ताकद लावावी लागते. म्हणून वेगवान डिझेल बोट अर्धी रिकामी धावली तर ती बसपेक्षा जास्त धूर ओकते. पण ती अंतर वाचवते. मांडवा गेटवेपासून समुद्रातून तासाभरावर आहे, रस्त्याने पेण-पनवेल फिरून शंभर किलोमीटरच्या आसपास. भरलेली, मध्यम वेगाची बोट इथे जिंकते. रेवस-करंजासारखी छोटी तर विजेवर चालवण्यासाठी अगदी योग्य: अंतर कमी, धक्क्याला थांबणं भरपूर, चार्जिंगला वेळ मिळतो.

रो-रोबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मार्च २०२० मध्ये ती आली, सोय झाली, खरं आहे. पण ती माणसांबरोबर मोटारीही आणते, आणि शनिवारी त्या मोटारी अलिबागच्या अरुंद रस्त्यांवर उतरतात.

शनिवार-रविवारच्या कोंडीला काय करायचं?

रस्ता रुंद करून ती जाणार नाही, पुढच्या दोन हंगामांत तो पुन्हा भरतो. लंडनने २००३ पासून शहरात शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क लावलं, सिंगापूरने त्याआधी १९७५ मध्ये. अलिबागला एवढं नको. समुद्रकिनाऱ्याजवळच्या पार्किंगला सुट्टीच्या दिवशी चढा दर लावावा आणि त्या पैशांतून मांडवा-अलिबाग-नागाव बस चालवावी. पर्यटक तक्रार करतील. करू द्या.

विक्रम-मिनिडोर बंद कराव्यात का?

अजिबात नाही. एसटीची शेवटची गाडी गेल्यावर जी गावं जिवंत राहतात ती यांच्यामुळे. दवाखान्यात न्यायला, मासळीची टोपली उचलायला, बारीक गल्लीत शिरायला तीच गाडी येते. चूक त्यांना मुख्य रस्त्यावर एसटीशी स्पर्धा करायला लावण्यात आहे. मोठ्या रस्त्यावर बस, आणि बसथांब्यापासून आतल्या वाडीपर्यंत मिनिडोर, अशी वाटणी झाली तर दोघांचीही गाडी भरते. चालकांशी बोलून, त्यांचं उत्पन्न बुडणार नाही याची हमी देऊन हे करावं लागेल. वरून फतवा काढला तर चक्का जाम होईल आणि तो रास्त असेल.

अटल सेतूने आपला प्रश्न सुटला नाही का?

मोटारवाल्यांचा सुटला. १२ जानेवारी २०२४ ला २१.८ किलोमीटरचा हा पूल खुला झाला. शिवडीहून चिर्ले काही मिनिटांत. दुचाकी आणि रिक्षांना बंदी, मोटारीला एका फेरीचा टोल अडीचशे रुपये. बेस्ट, एनएमएमटी आणि एसटीच्या काही गाड्या त्यावरून जातात, पण बससाठी राखीव मार्गिका तिथे नाही. एवढा खर्च करताना ती ठेवायला हवी होती. रेवस-करंजा पूल होईल तेव्हा उरण-अलिबाग थेट बस सुरू होऊ शकते. त्या पुलावर बसचा थांबा कुठे, चढ कुठे, हे आज आराखड्यातच मागितलं पाहिजे. काँक्रीट ओतल्यावर थांबा बसवता येत नाही.

एकाच तिकिटावर सगळा प्रवास कधी होणार?

अर्धा झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'मुंबई वन' अ‍ॅपवर सुरुवातीलाच लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवलीच्या बस अशा अकरा सेवा जोडल्या गेल्या. त्या अकरांत एसटी नव्हती. लाँच नव्हती. म्हणजे महानगर प्रदेशाचा आमच्याकडचा भाग तिकिटाच्या नकाशावर आलाच नाही. कोचीत मेट्रोचं कार्ड वॉटर मेट्रोला चालतं, तेव्हा तांत्रिक अडचण फार मोठी नसावी.

एवढ्या फेऱ्यांचा तोटा कोण भरणार?

रस्त्याचा तोटा कोण भरतो, असं कोणी विचारत नाही. बसचाच विचारतात. बेस्टमध्ये एके काळी तिच्याच वीजपुरवठ्याच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघायचा. तो आधार गेला तसा ताफाही रोडावला. २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं पाच रुपये केलं, २०२५ मध्ये ते दहा झालं. भाड्यावर सगळी व्यवस्था तोलून धरायची म्हटलं की अशीच ओढाताण होते.

एसटीने मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट केलं. आमच्याकडे त्याचा परिणाम सकाळच्या साध्या गाडीत दिसतो: पेणच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, नर्सिंगच्या मुली, गिरणीवरून परतणारी म्हातारी. सवलत चांगली, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? पुलांचा टोल, मोठ्या बांधकामांचं विकास शुल्क, पार्किंग यांतला ठरलेला वाटा स्थानिक बसला मिळायला हवा.

जेट्टी आणि रस्त्यांसाठी खारफुटी तोडली तर चालेल का?

सहज नाही. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे सार्वजनिक कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. आणि ते योग्यच आहे, भरतीचं पाणी तीच अडवते.

चालणाऱ्यांचा यात काय संबंध?

महानगर प्रदेशाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत्या. तरी आराखड्यात फूटपाथ शेवटच्या पानावर. पोयनाडला किंवा कार्लेखिंडीत बसमधून उतरलेला माणूस सरळ डंपरसमोर उतरतो.

सामान्य माणसाने नेमकं मागायचं काय आणि कुठे?

"वाहतूक सुधारा" असं निवेदन दिलं की ते फायलीत जातं. मोजकं मागा. अमुक बोटीला अमुक बस, एवढ्या मिनिटांनी. वस्तीची, म्हणजे रात्री गावातच मुक्काम करणारी, गाडी कोणत्या गावात पुन्हा सुरू हवी. रात्रीची शेवटची गाडी शेवटच्या बोटीनंतर किती वाजता. एसटीच्या फेऱ्यांसाठी डेपो व्यवस्थापक आणि पेणचं विभागीय कार्यालय, जेट्टीसाठी मेरीटाइम बोर्ड, मिनिडोरच्या भाड्यासाठी परिवहन कार्यालय. एकाच अर्जाच्या प्रती तिघांना द्या आणि प्रत्येक प्रतीवर बाकी दोघांची नावं ठळक लिहा, म्हणजे "हे आमच्याकडे येत नाही" म्हणायला जागा राहत नाही. प्रादेशिक योजनेत बदल होतो तेव्हा हरकती-सूचना मागवल्या जातात. जाहिरात वर्तमानपत्रात येते, मुदत मोजक्या दिवसांची असते. ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेली हरकत सुनावणीत वाचली जाते, म्हणून ठराव आधीच्या ग्रामसभेत करून ठेवा.